मन कामावर परत कसं आणायचं: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

काम करायला बसलं की थोड्याच वेळात मन भलतीकडे जातं, आणि मग वाटतं, आपल्यात एकाग्रताच नाही. नव्याने नोकरीला लागलेले, घरून काम सुरू केलेले, परीक्षेच्या अभ्यासाला बसलेले, सगळ्यांची तक्रार हीच. हा समज आधी काढून टाका, कारण तो मनात धरला की पहिल्याच अडखळण्याला माणूस हात टेकतो. ठरवून लावलेलं लक्ष एका दमात काही सेकंदांपलीकडे टिकत नाही, हे विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्येच मांडलं होतं. आपण ज्याला तासभर एकाग्र बसणं म्हणतो, ते त्याच्या मते मनाला पुन्हापुन्हा मूळ विषयाकडे वळवत राहणं असतं. २०१० मध्ये हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी एका मोबाइल ॲपवरून लोकांना दिवसभरात अधूनमधून विचारलं, की आत्ता तुम्ही काय करताय आणि मनात काय चाललंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या गोष्टीवर नव्हतं.

मन जाणारच. म्हणून माझा सगळा भर परतीवर आहे. ते गेलं आहे हे लवकर कळावं, आणि काम जिथे सुटलं नेमक्या त्याच जागी परत येता यावं, एवढं साधलं तर दिवस पुष्कळ सुधारतो. खालच्या पायऱ्या एकदम अंगावर घेऊ नका. पहिल्या दोन पायऱ्यांना आठवडा गेला तरी काही बिघडत नाही.

पायरी १: खंड कुठून पडतो ते पाहा

दोन दिवस काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. शेजारी एक कोरा कागद ठेवा आणि मधोमध रेघ मारा. कुणी हाक मारली, फोन वाजला, मेल आल्याचं दिसलं, की डावीकडे एक खूण. कुणीही न बोलावता आपणच उठलो, नवा टॅब उघडला, फोन हातात घेतला, की उजवीकडे खूण. जमलं तर खुणेपुढे एक शब्द लिहा: कंटाळा, अडलो, आठवलं, झोप.

बहुतेकांना वाटतं की डावी बाजू भरून वाहील. ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी ऑफिसांमध्ये लोकांच्या शेजारी बसून, वेळ मोजून असंच निरीक्षण केलं. माणसं दुसऱ्यांमुळे जितक्या वेळा थांबतात, जवळजवळ तितक्याच वेळा ती स्वतःहून थांबतात, असं त्यांना दिसलं. एका स्क्रीनवर नजर सरासरी किती वेळ टिकते हेही त्यांनी मोजलं. २००४ च्या सुमाराला हा काळ अडीच मिनिटांचा होता, पुढे तो ४७ सेकंदांवर आला.

तुमच्या कागदावर उजवी बाजू जड निघाली तर ऑफिसातल्या गोंगाटाला किंवा घरच्यांना दोष देऊन काही हाती लागणार नाही. पुढची पायरी तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची.

पायरी २: काम एवढं स्पष्ट करा की सुरुवातीला विचार करावा लागू नये

‘लक्ष लागत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी अनेकदा ‘आता नेमकं काय करायचं हे कळत नाही’ हे असतं. नवख्या माणसाच्या बाबतीत तर फारच. ‘अहवाल तयार करणे’ असं यादीत लिहिलेलं असतं. हे काम नाही, हा कामांचा ढीग आहे. तो समोर आला की मन बावचळतं, आणि बावचळलेल्या मनाला फोन उघडणं ही सगळ्यात सोपी सुटका असते. फोनने तुम्हाला ओढून नेलं असं वाटतं, पण तुम्ही आधीच अडलेले होतात.

यावर उपाय साधा आहे, करायला मात्र चिकाटी लागते. बसण्याआधी कागदावर एक वाक्य लिहायचं. त्यात क्रियापद हवं, नेमकी वस्तू हवी आणि काम संपल्याचं कसं ओळखायचं हे हवं. ‘अहवाल’ असं लिहू नका. ‘मार्च महिन्याचे आकडे जुन्या फाइलमधून काढून दुसऱ्या तक्त्यात भरणे, बेरीज जुळली की झालं’ असं लिहा. ‘तिसरा धडा वाचणे’ यापेक्षा ‘तिसरा धडा वाचून त्यातली पाच सूत्रं न बघता लिहिणे’ हे कितीतरी चांगलं, कारण नुसत्या वाचण्यात डोळे ओळींवरून फिरत राहतात आणि मन केव्हाच निघून गेलेलं असतं. काहीतरी लिहून काढायचं असलं की मन गेल्याचं लगेच कळतं.

वाक्य लिहिताच येत नसेल तर तीही माहितीच आहे. एक तर काम अजून फोडायला हवं, नाहीतर कुणाला तरी विचारायला हवं. नोकरीत नवे असाल तर विचारायला संकोच वाटतो, म्हणून माणूस अर्धा दिवस अंदाज बांधत आणि टॅब बदलत काढतो. त्यापेक्षा सरळ जाऊन विचारा: “सर, यात मला फक्त आकडे भरायचे आहेत, की त्याखाली टिपणही लिहायचं आहे?” असा नेमका प्रश्न विचारणाऱ्यावर सहसा कुणी रागावत नाही. ‘मला काहीच कळलं नाही’ असं म्हटलं, तर समोरच्यालाही कुठून सांगायचं ते कळत नाही.

काम फार सोपं आणि रटाळ असेल तर मन वेगळ्या कारणाने उडतं. तिथे वेळेची मर्यादा घाला: ‘अर्ध्या तासात या यादीतल्या जितक्या नोंदी होतील तितक्या.’

पायरी ३: फोन हाताच्या अंतरावरून हलवा

परतीवर भर द्यायचा असं म्हटलं, तरी एक भिंत मात्र बांधावीच, आणि ती फोनसाठी. २०१५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना लक्ष देऊन करायचं एक काम दिलं आणि मध्येच त्यांच्या फोनवर कॉल किंवा मेसेज पाठवले. लोकांनी फोन हातातही घेतला नव्हता, तरी त्यांच्या चुका वाढल्या. कुणाचा असेल, काय असेल, हा विचार सुरू व्हायला फोन नुसता थरथरला तरी पुरे. २०१७ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या गटाने तर असं दाखवलं, की फोन टेबलावर नुसता पडून असला तरी डोकं थोडं कमी चालतं आणि तो दुसऱ्या खोलीत असणाऱ्यांची कामगिरी सगळ्यात बरी असते. हा दुसरा परिणाम नंतरच्या प्रयोगांमध्ये दर वेळी तसाच दिसलेला नाही, त्यामुळे मी त्यावर फार वजन टाकणार नाही. पण फोन आणायला उठून जावं लागलं की उजवीकडच्या खुणा कमी होतात, हे तुम्ही स्वतःच्या कागदावर दोन दिवसांत पडताळून पाहू शकता.

घरी असाल तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. ऑफिसात बॅगेत, चेन लावून. फक्त आवाज बंद करून फोन टेबलावर उपडा ठेवणं हे अर्धवट काम आहे, हात सवयीने तिकडे जातोच. ‘घरून तातडीचा फोन आला तर?’ ही काळजी खरी असते आणि ती मिटवल्याशिवाय स्वस्थता येत नाही. म्हणून ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू करताना ठरावीक माणसांचे कॉल तेवढे वाजतील असं सेटिंग करून ठेवा. घरात आजारी माणूस किंवा लहान मूल असलेल्यांनी तर हे आजच करावं, मग फोन दूर ठेवायला मन धजावतं.

कामासाठीच फोन लागत असेल तर बाकीच्या ॲपची नोटिफिकेशन कायमची बंद करा. आधी सगळी बंद करायची, मग ज्याच्यावाचून खरोखर अडलं तेवढंच परत सुरू करायचं. एकेक निवडून बंद करत बसलात तर प्रत्येक ॲप गरजेचं वाटेल. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात उमटणाऱ्या मेलच्या चौकटीही विसरू नका. आणि ज्या साइटवर हात आपोआप जातो, तिथून दर वेळी लॉगआउट करा. पासवर्ड टाकायला लागणारे ते काही क्षण ‘आपण इथे कशाला आलो’ हे आठवायला पुरतात.

पायरी ४: छोट्या बैठका

फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या शेवटी स्वयंपाकघरातलं टायमर घड्याळ घेऊन अभ्यासाची एक रीत बसवली: २५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती, आणि अशा चार फेऱ्यांनंतर मोठी विश्रांती. सुरुवातीला हीच वापरा, शिकायला सोपी आहे. २५ हा आकडा मात्र काही पवित्र नाही. सुरुवातीला १५ मिनिटंही जड जात असतील तर १५ घ्या. लिहिण्यात किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये तंद्री लागायलाच वीस मिनिटं जात असतील तर ५० घ्या.

विश्रांतीला जुना आधार आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या चुका का वाढतात, हे नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने तपासलं. एका घड्याळावर टक लावून बसायचं आणि काट्याची दुप्पट उडी टिपायची, असा त्याचा प्रयोग होता. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार पहिल्या अर्ध्या तासातच उड्या नजरेतून निसटू लागतात.

त्या पाच मिनिटांत फोन उघडू नका. पाच मिनिटांसाठी उघडलेला फोन पाच मिनिटांत क्वचितच बंद होतो, शिवाय त्यातली एखादी बातमी किंवा मेसेज पुढच्या बैठकीत डोक्यात घोळत राहतो. उठा, पाणी प्या, खिडकीबाहेर लांबवर बघा, चार पावलं चाला.

पायरी ५: उठण्याआधी परतीची ओळ लिहा

या लेखातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही उचला. कुणी हाक मारली, मीटिंगची वेळ झाली, फोन घ्यावाच लागला, तर जागेवरून हलण्याआधी एक ओळ लिहायची: मी कुठे आहे आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. पुस्तक मिटताना आपण खूण घालतो तशीच ही खूण. उदाहरणार्थ, ‘ओळ ४२ पर्यंत तपासलं, पुढे व्याजाचा रकाना.’ किंवा ‘दुसरा मुद्दा अर्धा लिहिला, आता उदाहरण द्यायचं, ते मागच्या वर्षीच्या फाइलमध्ये आहे.’

हे इतकं महत्त्वाचं का, ते सांगतो. २०१४ मध्ये एरिक आल्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरावीक क्रमाने करायच्या कामात लोकांना मध्येच थांबवलं. थांबवण्याचा काळ होता सरासरी २.८ सेकंद. एवढ्याशा खंडानंतर क्रम चुकण्याचं प्रमाण दुप्पट झालं. ‘जरा एक सेकंद’ म्हणून विचारलेला प्रश्नही लिंक तोडू शकतो, तर दहा मिनिटांच्या फोननंतर काय होत असेल! दुसरी अडचण उलट दिशेची आहे. अर्धवट सोडलेलं काम मनातून निघतच नाही, त्याचा काही भाग नव्या कामात रेंगाळत राहतो, हे सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं. म्हणजे मीटिंगमध्ये बसून तुम्ही आकड्यांचा विचार करता आणि आकड्यांकडे परतल्यावर मीटिंगचा. लरॉय यांनी थेरेसा ग्लॉम्ब यांच्यासोबत २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात यावरचा उताराही तपासला. काम सोडताना ते कुठवर आलं आणि परतल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहिणाऱ्यांच्या मनात मागचं काम कमी रेंगाळतं आणि मधल्या कामाकडे त्यांचं लक्ष जास्त लागतं.

अडचण एकच, समोर माणूस उभा असताना लिहायचं कसं? थोडा वेळ मागून घ्यायला शिका. “मॅडम, एवढी ओळ पूर्ण करते आणि येते.” “आई, दोन मिनिटं, आलोच.” असं म्हटल्यावर माणसं थांबतात. मात्र दोन मिनिटं म्हटलं की दोन मिनिटांतच जायचं. एकदा का तुमची दोन मिनिटं अर्ध्या तासाची असतात हे घरात ठरून गेलं, की पुढच्या वेळी कुणी थांबणार नाही, आणि त्यांचं काही चुकणारही नाही.

पायरी ६: मनात उगवणाऱ्या गोष्टींसाठी वेगळा कागद

काम करताना एकदम आठवतं: बिल भरायचं राहिलं, मित्राला उत्तर द्यायचं होतं, अमुक गोष्टीची किंमत बघायची होती. आत्ता केलं नाही तर विसरू, या भीतीने माणूस लगेच उठतो. उठू नका, लिहा. आणि नुसतं ‘बिल’ असं न लिहिता ‘बिल, संध्याकाळी सहाला, घरी गेल्यावर’ असं केव्हा आणि कुठे करणार हे लिहा. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांमध्ये, राहिलेल्या गोष्टीचा नेमका बेत आखला की ती मनात डोकावणं थांबतं, असं आढळलं. गोष्ट पूर्ण व्हायची वाट बघावी लागली नाही, बेत पुरला. अर्थात, हा कागद दिवसातून एकदा उघडून त्यातली कामं खरोखर हातावेगळी करावी लागतात. नाहीतर कागदावर लिहिलं म्हणजे काम मार्गी लागेल, हा मनाचा विश्वास उडतो आणि चुटपुट परत सुरू होते.

पायरी ७: ‘असं झालं, तर तसं करीन’

‘उद्यापासून लक्ष देऊन काम करीन’ हा संकल्प टिकत नाही, कारण नेमक्या क्षणी काय करायचं हे त्यात नसतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलवित्झर यांनी १९९० च्या दशकात यासाठी सोपा साचा दिला: अमुक झालं, तर मी तमुक करीन. पहिल्या पायरीतला कागद काढा, सगळ्यात जास्त वेळा दिसणारी दोन कारणं निवडा आणि त्यांच्यापुरतीच वाक्यं बनवा. ‘वाक्य अडलं आणि हात नव्या टॅबकडे गेला, तर मी अडलेली गोष्ट प्रश्न म्हणून कागदावर लिहीन.’ ‘शेजारचा सहकारी गप्पा मारायला आला, तर त्याला सुट्टीच्या वेळी भेटू असं सांगीन.’ दोनच. दहा वाक्यं बनवलीत तर एकही आठवणार नाही.

मेसेज, मेल आणि आवाज

मेल आणि ग्रुपवरचे मेसेज सतत उघडे ठेवण्यापेक्षा त्यांना ठरावीक वेळा द्या. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात कोस्टादिन कुशलेव आणि एलिझाबेथ डन यांनी लोकांना एक आठवडा दिवसातून तीनदाच मेल बघायला सांगितलं. तो आठवडा त्यांना कमी ताणाचा गेला. नव्या नोकरीत हे परस्पर करू नका. उत्तर किती वेळात अपेक्षित आहे हे वरिष्ठांना विचारा, आणि “तातडीचं असेल तर थेट फोन करा” असं सहकाऱ्यांना सांगून ठेवा. काही कामांत, उदाहरणार्थ ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या विभागात, ताबडतोब उत्तर देणं हेच काम असतं. तिथे संदेश बाजूला ठेवायचा प्रश्नच येत नाही. तिथे पाचवी पायरीच उपयोगी पडते.

आवाजांमध्ये सगळ्यात त्रासदायक असतं ते बोलणं. पंख्याची घरघर किंवा पावसाचा एकसुरी आवाज मन काही वेळात विसरतं, पण माणसाचा आवाज, अगदी न समजणाऱ्या भाषेतला असला तरी, शब्द किंवा आकडे लक्षात ठेवण्याच्या आड येतो. १९७६ पासूनच्या प्रयोगांत हे वारंवार दिसलं आहे. म्हणून वाचताना किंवा लिहिताना शब्द असलेली गाणी नकोत. फाइली लावणं, नोंदी उतरवणं अशा हाताच्या कामात गाणी चालतील.

हे करूनही जमत नसेल तर

आधी झोप बघा. १९९७ मध्ये ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी मोजलं होतं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तितकी घसरते. पहाटे पाचला उठलेल्या माणसाने रात्री दहाला ‘आता शांत आहे, लक्ष लागेल’ म्हणून अवघड काम काढणं म्हणजे स्वतःवर अन्याय आहे. अवघड काम दिवसाच्या ताज्या तासांत घ्या, मग ते तास तुमचे सकाळचे असोत की संध्याकाळचे.

झोप पुरेशी आहे, काम स्पष्ट आहे, फोन लांब आहे, आणि तरीही काही आठवडे मन कशातच लागत नाही, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही नाही, तर ते नैराश्याचं किंवा चिंतेचं लक्षण असू शकतं. आणि लहानपणापासूनच, शाळेत, घरी, खेळात, सगळीकडे हीच अडचण असेल तर एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चंचलता या विकाराची, शक्यता तपासून घ्यावी. निदानाच्या निकषांनुसार त्याची लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि ती मोठेपणीही राहू शकतात. ऑनलाइन चाचण्यांवरून स्वतःच निष्कर्ष काढू नका, मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जाताना पहिल्या पायरीतला तो खुणांचा कागद सोबत न्या, ‘लक्ष लागत नाही’ या तीन शब्दांपेक्षा त्यातून त्यांना पुष्कळ जास्त कळेल.